जखम केव्हा मोजायची?

1925 साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी ‘कॅलिनिकस’ नावाचे एक छोटेखानी पुस्तक लिहिले आणि त्यात विषारी वायूंच्या युद्धाचे उघड समर्थन केले. हॉल्डेन हे काही युद्धपिपासू सेनापती नव्हते. जीवशास्त्रातले ते मोठे नाव. पुढे 1957 मध्ये ते भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. पहिल्या महायुद्धात ते स्वतः लढले होते आणि वडिलांच्या प्रयोगांसाठी त्यांनी क्लोरीन वायू आपल्या छातीत ओढून घेतला होता. त्यामुळे त्यांचे म्हणणे हेटाळणीने बाजूला सारता येत नाही. ते म्हणत होते की तोफगोळ्याने माणसाच्या चिंधड्या होतात, गोळीने जखमी झालेल्यांतले कितीतरी मरतात. याउलट मस्टर्ड गॅसने घायाळ झालेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी चाळिसांत एक मेला आणि कायमचा निकामी झाला तो जेमतेम दोनशेंत एक. मग क्रूर शस्त्र कोणते? वायूविषयीची भीती ही अज्ञानातून आली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा युक्तिवाद आजही जिवंत आहे. सीरियात वायुहल्ले झाले तेव्हा, बाँबने लाखो माणसे मरत असताना काही शेकड्यांच्या मृत्यूने जग एवढे का हादरते, असा प्रश्न अनेकांनी प्रामाणिकपणे विचारला. त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर हॉल्डेन यांचा हिशेब पुन्हा तपासावा लागतो. माझ्या मते ते मोजणीच्या पद्धतीत चुकले नाहीत, मोजणीच्या वेळेत चुकले. आणि ती वेळ कशी निवडावी हे गेल्या शंभर वर्षांत कायद्यापेक्षा आणि सरकारी दप्तरांपेक्षा कवितेला अधिक नेमके उमगले आहे.

मस्टर्ड गॅस पहिल्यांदा वापरला गेला तो जुलै 1917 मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रजवळ. हॉल्डेन यांचे पुस्तक आले तेव्हा पहिल्या घायाळांना आठच वर्षे झाली होती. हे रसायन कातडीला लागते तेव्हा बहुधा काही जाणवतही नाही. फोड उठतात ते काही तासांनी, डोळे मिटतात ते त्याच्याही पुढेमागे. पण ते पेशींच्या गाभ्यापर्यंत, आनुवंशिक द्रव्यापर्यंत पोचलेले असते आणि तिथले त्याचे काम अनेक वर्षे चालते. इराण-इराक युद्धात, इराणमधल्या सरदश्त या गावावर 28 जून 1987 रोजी इराकी विमानांनी मस्टर्ड गॅसचे बाँब टाकले. सैन्याची छावणी सोडून भर वस्तीवर, बाजाराच्या गावावर ते पडले. तिथल्या आणि आघाडीवरच्या घायाळांवर इराणी डॉक्टर आजतागायत उपचार करत आहेत, आणि त्यांनी लिहून ठेवलेले निष्कर्ष हॉल्डेन यांच्या कोष्टकाला बाजूला सारणारे आहेत. फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिका वर्षागणिक आकसत जातात. तरुणपणी बरा होऊन घरी गेलेल्या माणसाला चाळिशीत जिना चढता येत नाही. काहींच्या डोळ्यांना तर दहा, वीस, क्वचित चाळीस वर्षे काहीच होत नाही आणि मग कॉर्निया झिजू लागतो, उजेड सोसवेनासा होतो, दृष्टी जाते. जपानच्या ओकुनोशिमा बेटावर 1929 ते 1945 या काळात हा वायू तयार करणारा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी रणांगण पाहिलेही नव्हते, पण युद्ध संपून बरीच वर्षे झाल्यावर त्यांच्यात श्वसनमार्गाचे कर्करोग भलत्याच प्रमाणात दिसू लागले. अशा पदार्थाचा मृत्युदर सांगताना साल सांगितले नाही तर त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. 1918 मध्ये चाळिसांत एक. 1950 मध्ये किती, हे फारसे कुणी विचारले नाही, कारण तोवर ती माणसे ‘दम्याचे रुग्ण’ आणि ‘छातीचे जुने दुखणेकरी’ म्हणून साध्या दवाखान्यांच्या रांगेत उभी होती आणि त्यांचे दुखणे वायूमुळे की गिरणीच्या धुरामुळे, हे ठरवणे निवृत्तिवेतनाच्या कारकुनाला सोयीचे नव्हते.

इथे कवितेचा काय संबंध, असे वाटेल. संबंध असा की युद्धाबद्दल बोलण्याची जी रीत माणसाने हजारो वर्षांत घडवली ती बहुतांशी कवितेने घडवली आहे, आणि ती रीत प्रसंगाभोवती उभी आहे. आपला पोवाडाच पाहावा. अग्निदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा असो की तुळशीदासाचा सिंहगडाचा, त्याला एक दिवस लागतो, एक जागा लागते, समोर उभा ठाकलेला वैरी लागतो आणि निकाल लावणारी एक कृती लागते. तानाजीची ढाल तुटते, तो हाताला शेला गुंडाळून लढतो आणि पडतो. त्या पडण्यात कथेची पूर्तता आहे. वीररसाला आलंबन हवे, असे आपले जुने साहित्यशास्त्र सांगते. वायू ही चौकटच मोडतो. समोर वैरी नाही, पराक्रमाला वाव नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवट नाही. ज्याला शेवट नाही अशा गोष्टीचा पोवाडा होत नाही. पोवाड्याचे यात काही उणे नाही. तो ज्या युद्धासाठी जन्मला ते युद्ध वेगळे होते. परंतु विसाव्या शतकातल्या कवीपुढे हा प्रश्न नव्याने उभा राहिला: जी इजा प्रसंगात मावत नाही ती कवितेत कशी मावेल?

विल्फ्रेड ओवेन यांची ‘डल्से एट डेकोरम एस्ट’ ही वायुहल्ल्यावरची जगातली सर्वांत वाचली गेलेली कविता. मातृभूमीसाठी मरणे गोड आणि शोभिवंत असते, अशा अर्थाच्या होरेसच्या ओळीतून तिचे नाव आले आहे. ओवेन यांनी ती 1917 च्या शरद ऋतूत लिहायला घेतली तेव्हा ते एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात होते, युद्धाच्या धक्क्याने मन विस्कटलेल्या अधिकाऱ्यांसाठीच्या रुग्णालयात. ही बाब कविता वाचताना सहसा दुर्लक्षिली जाते. शाळांमधून कविता शिकवली जाते ती मुख्यतः एका दृश्यासाठी: थकलेले सैनिक, अचानक आलेला वायू, मुखवटे चढवण्याची धांदल, आणि एकाला ते जमत नाही. हे दृश्य विलक्षण आहेच. पण माझ्या वाचनात कवितेचा कणा दुसरीकडे आहे. दृश्य संपल्यानंतर अवघ्या दोन ओळींचे एक कडवे येते, स्वप्नाचे, आणि तिथे क्रियापदे भूतकाळातून वर्तमानकाळात येतात. तो माणूस मेला होता. आता तो रोज मरतो आहे. ओवेन यांनी नुसत्या व्याकरणाच्या बळावर प्रसंगाचे रूपांतर अखंड चालणाऱ्या गोष्टीत केले. त्यानंतरच ते वाचकाकडे वळून त्याला जाब विचारतात, आणि त्या जाबाला वजन येते ते मधल्या दोन ओळींमुळे: आधी बोलणारा साक्षीदार होता, आता तो स्वतः घायाळ आहे. तरीही ही कविता एका ठिकाणी थांबते. तिच्यातला वायुग्रस्त मरतो. वाचलेल्याच्या मनाचे पुढे काय होते ते ओवेन सांगतात, पण वाचलेल्या वायुग्रस्ताच्या देहाचे पुढे काय होते ते त्यांना सांगता आले नाही. 4 नोव्हेंबर 1918 रोजी, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना, ते मारले गेले आणि कविता 1920 मध्ये त्यांच्या पश्चात छापली गेली. त्यानंतरच्या दीर्घ काळाची कविता दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या भाषेत लिहायची होती.

ती भाषा आपल्यापैकी एखादी असू शकली असती. क्लोरीनचा पहिला मोठा हल्ला ईप्रजवळ 22 एप्रिल 1915 ला झाला आणि चारच दिवसांनी, 26 एप्रिलला, हिंदी लष्कराची लाहोर डिव्हिजन त्याच भागात चढाईला पाठवली गेली. मुखवटे नव्हतेच, ओल्या फडक्यांवर भागवायचे होते. त्या दिवशीच्या कामगिरीबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि ऑगस्टमध्ये ब्रायटनच्या रुग्णालयात खुद्द पंचम जॉर्जने तो त्यांना दिला. क्रॉसची नोंद प्रत्येक इतिहासात आहे. वायूने आपल्याला चैन पडू दिलेले नाही, हे मात्र त्यांनी पत्रात लिहिले आणि ते पत्र सेन्सॉरच्या दप्तरात टिकले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. पदकाच्या मानपत्रात तो एक दिवस मावला. मीर दस्त पुढे जवळजवळ 30 वर्षे जगले.

ओवेन जिथे थांबले तिथून पुढे कविता नेली ती कुर्दांनी. 16 मार्च 1988 रोजी इराकी विमानांनी आपल्याच देशातल्या हलब्जा या कुर्दी शहरावर मस्टर्ड गॅस आणि मज्जासंस्था बंद पाडणारी विषे टाकली. सुमारे 5000 माणसे मेली असे मानले जाते. ही घटना एकटी नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत ‘अनफाल’ नावाने कुर्दांच्या संहाराची मोहीम चालली होती आणि तीत कितीतरी खेड्यांवर वायू सोडला गेला. सुलेमानियाचे कवी शेर्को बेकस तेव्हा स्वीडनमध्ये परागंदा होते. तिथे त्यांनी ‘दरबंदी पपूला’, म्हणजे फुलपाखरांची खिंड, ही दीर्घकविता लिहिली. ती 1991 मध्ये आली. ‘दीर्घ’ हा शब्द इथे नुसता लांबीचा निर्देश नाही. ओवेन यांना 28 ओळी पुरल्या, कारण त्यांना एक क्षण पकडून वाचकाच्या घशात कोंबायचा होता. बेकस यांची कविता संपायला तयार नसते; दूरदेशी बसलेला माणूस हलब्जाकडे पुनःपुन्हा वळतो, डोंगर, पाणी, जुने कवी यांना हाका मारतो. यावर आक्षेप घेतला गेला तर तो सरळ आहे: कवी तिथे नव्हता, मग त्याचा अधिकार काय? मला वाटते की या विषयापुरते तिथे नसणे हे उणे ठरत नाही. वायूचे नुकसान हेच मुळी उशिरा आणि दूरवर पोचणारे आहे. ज्याला बातमी उशिरा कळते, जो परत जाऊ शकत नाही, ज्याचा शोक कधीच वेळेवर होत नाही, त्याच्या बोलण्याचा ठोका या इजेच्या ठोक्याशी जुळतो.

त्याहून पुढचे पाऊल टाकले चोमान हार्डी यांनी. त्यांचा जन्मही सुलेमानियाचा. बेकस यांची ती दीर्घकविता इंग्रजीत आणली ती त्यांनीच. आधी त्यांनी संशोधक म्हणून अनफालमधून वाचलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, 2011 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, आणि मग 2015 च्या ‘कन्सिडरिंग द विमेन’ या संग्रहात अनफालवरची एक कवितामाला दिली. तिच्यात वाचलेली माणसे आपापल्या तोंडाने बोलतात. अलंकार जवळजवळ नाहीत. हल्ला येतो आणि जातो. उरते ती त्यानंतरची रोजची व्यवस्था, आणि ऐकणाऱ्या संशोधक स्त्रीच्या मनावर साचत जाणारे ओझे. मला हे फार महत्त्वाचे वाटते. युद्धकवितेत स्त्री आजवर बहुधा दोनच जागी उभी असायची: निरोप देताना दारात, किंवा प्रेताजवळ. वायूच्या युद्धात तिची खरी जागा तिसरीच आहे. ऑक्सिजनचे सिलिंडर बदलणारी, रात्री खोकल्याने उठणारी, अंथरुणाची कड सांभाळणारी ती असते, आणि पुष्कळदा स्वतःही त्याच वायूची घायाळ असते. या युद्धाची आघाडी माजघरात आहे आणि ती तीन दशकांहून अधिक काळ हललेली नाही. तिथून बोलणारी कविता हीच या शस्त्राची खरी युद्धकविता, असे मी म्हणेन.

यावर विज्ञानाच्या बाजूने एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत बोचतो. हलब्जात किंवा व्हिएतनाममध्ये जन्मलेले प्रत्येक व्यंग, प्रत्येक कर्करोग युद्धातल्या रसायनांच्याच माथी मारणे चूक आहे. कविता भावनेच्या भरात कारणपरंपरा पक्की करून टाकते, जी संशोधनात पक्की झालेली नसते. हे खरे आहे. अमेरिकेने 1962 ते 1971 या काळात दक्षिण व्हिएतनामवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशके फवारली. त्यांतल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये डायॉक्सिन होते. डायॉक्सिन घातक आहे याबद्दल वाद नाही. पण बापाचा त्याच्याशी संपर्क आल्याने लेकरात व्यंग येते का, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. अमेरिकी सरकारने 1996 मध्ये आपल्या माजी सैनिकांच्या मुलांपुरता पाठीच्या कण्याचा एक जन्मजात दोष भरपाईयोग्य मानला. व्हिएतनामी नागरिकांचा दावा मात्र 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळला; तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात तणनाशक हे युद्धातले विष ठरत नव्हते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण. अशा स्थितीत कवीने काय करावे? शास्त्रज्ञाने जे सिद्ध केलेले नाही ते सिद्ध झाल्यासारखे लिहिले तर तो खोटे बोलतो, आणि अशा कवितेचे मी समर्थन करणार नाही. मात्र सिद्ध न होणे म्हणजे इजा न होणे नव्हे. आपल्या मुलाचे वाकडे पाय त्या फवाऱ्यामुळे आहेत की नाहीत हे एखाद्या आईला मरेपर्यंत कळणार नाही. तिला दोष द्यायला शत्रू नाही, स्वतःला निर्दोष मानायला पुरावा नाही, दुसरे मूल होऊ द्यावे की नाही याचा निर्णय घ्यायला आधार नाही. ही शंकाही त्या शस्त्रानेच तिच्या पदरात टाकलेली आहे. संख्याशास्त्राला शंका नोंदवता येते, ती सोसणे कसे असते ते नोंदवता येत नाही. कवितेला येते, आणि ते नोंदवताना तिला कोणतेही अप्रमाण विधान करावे लागत नाही.

दुसरा आक्षेप कवितेच्या घरातलाच आहे. दुःखाला छंद दिला की ते देखणे होते, आणि देखणे झालेले दुःख सत्तेच्या कामी येते. इराणमध्ये युद्धावरची कविता सरकारच्या आशीर्वादाने भरभराटीला आली, आणि रासायनिक हल्ल्यात घायाळ झालेल्या सैनिकाला तिथे जिवंतपणीच हुतात्म्याचा मान मिळाला. मान मिळाला हे चांगलेच, पण हुतात्म्याला औषध महाग पडते अशी तक्रार करणे शोभत नाही, आणि प्रतीक होऊन बसलेल्या माणसाला आपल्याच दुखण्याचा कंटाळा येण्याची मुभा नसते. गौरवाची कविता त्याला पुन्हा त्याच एका दिवसाकडे, आघाडीवरच्या त्या सकाळी नेऊन उभा करते. म्हणजे हॉल्डेन यांच्या कोष्टकातून जे निसटले तेच या स्तुतिकाव्यातूनही निसटते. याला उत्तर कविता बंद करणे हे नव्हे. त्या माणसाला बोलू देणे हे आहे. तेहरानच्या शांतता संग्रहालयात रासायनिक हल्ल्यांतून वाचलेले माजी सैनिक स्वतः पाहुण्यांना फिरवतात. बोलता बोलता त्यांना दम लागतो, ते थांबतात, पुन्हा बोलतात. त्या थांबण्यातून जे कळते ते कुठल्याही वीरगाथेतून कळत नाही. श्वास हेच कवितेचे मूळ परिमाण असते. ओळ कुठे तुटावी हे शेवटी छातीच ठरवते. ज्याची छाती गेली आहे त्याच्या ओळी आखूड असतील, तुटक असतील, आणि त्या तशाच छापायला हव्यात.

तिसरा प्रश्न उपयोगाचा. ओवेन यांची कविता ब्रिटिश शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, तरी सद्दाम हुसेनच्या कारखान्यांना लागणारी रसायने युरोपातल्याच व्यापाऱ्यांनी पुरवली. मस्टर्ड गॅसचा कच्चा माल पुरवल्याबद्दल फ्रान्स फान आनराट या डच व्यापाऱ्याला 2005 मध्ये शिक्षा झाली, तीही हलब्जानंतर 17 वर्षांनी. कवितेने काहीही थांबवले नाही, हे मान्यच करायला हवे. पण ज्याने काही थांबवले असे आपण समजतो त्या कायद्याकडे पाहावे. रासायनिक अस्त्रबंदीचा करार 29 एप्रिल 1997 पासून अमलात आहे. जाहीर झालेले 72 हजार टनांहून अधिक साठे त्याखाली नष्ट झाले. भारताने आपले साठे 2009 पर्यंत संपवले, अमेरिकेने शेवटचा साठा जुलै 2023 मध्ये. हे यश थोर आहे आणि ते मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु हा करार टन मोजतो. क्लस्टर बाँबवरच्या 2008 च्या करारात बळींचे उपचार, पुनर्वसन, त्यांना समाजात पुन्हा उभे करणे ही राष्ट्रांची स्पष्ट बांधिलकी म्हणून लिहिली आहे. रासायनिक अस्त्रांच्या करारात हल्ला झाल्यास किंवा होण्याचा धोका असल्यास मदतीची तरतूद आहे. 30 वर्षे आजारी असलेल्या माणसासाठी तशी बांधिलकी नाही. 2011 मध्ये बळींसाठी एक साहाय्य-जाळे आणि ऐच्छिक निधी उभारला गेला. ऐच्छिक, म्हणजे ज्याला वाटेल त्याने द्यावे. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ओवेन यांचे दृश्य होते, हिरवट धुक्यात गुदमरणारा सैनिक. हार्डी यांच्या स्त्रिया नव्हत्या. कोणत्या कवितेने आपली कल्पनाशक्ती घडते याचा असा परिणाम होतो, आणि म्हणून कविता निरुपयोगी आहे असे मला म्हणवत नाही.

आणखी एका जागी ही कविता मुळात लिहिलीच गेली नाही, आणि ती जागा आपल्याशी संबंधित आहे. 1930 च्या दशकात आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रावळपिंडीला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडीला त्याने जास्त इजा होते का, हे त्यांना पाहायचे होते. काहींना अर्ध्या चड्डीत आणि सुती सदऱ्यात वायूच्या खोलीत उभे केले गेले. काही भाजून रुग्णालयात पडले. लंडनच्या अभिलेखागारातली ही कागदपत्रे 2007 मध्ये वृत्तपत्रांतून पुढे आली. त्यांत किती वायू, किती वेळ, किती फोड याच्या नोंदी आहेत. प्रयोगानंतर ती माणसे आपापल्या गावी गेली, तेव्हा त्यांच्यावर पुढे कुणीही लक्ष ठेवले नाही. त्यांतल्या कुणाचे डोळे 1970 मध्ये गेले असतील, तर घरच्यांनी ते म्हातारपणाचे मानले असेल.